कारण: दोन्हीकडे आवाज नको

नवनगर, हुबळी
३ डिसेंबर २०२५

स्वातीअक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे बाजूला ठेवशील, त्याआधी एवढं एकच वाच. बाळंतपणाच्या आधी ईसीजी काढून घे आणि तो हृदयाच्या डॉक्टरांना दाखव. त्यांना सांग, आमच्या घरातली एक मुलगी अचानक आवाज होऊन कोसळून गेली आहे. तुला येते ती फीट बहुतेक फीट नाहीच.

झालं. यापुढचं नाही वाचलंस तरी चालेल.

तुला आठवा लागल्याचं आईला कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. तू आम्हा सगळ्यांचे नंबर बंद केलेस, म्हणून पत्र. सागरभावोजींना फोन करता आला असता. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. तुझ्या तब्येतीचं आजवर सगळं तुझ्या पाठीमागेच ठरलंय. लग्नाआधी तुझ्या सासरी काही सांगायचं नाही, हे ठरलं. तिरुपूरला तू पहिल्यांदा पडलीस आणि सासूबाईंनी इकडे फोन केला, तेव्हा आई म्हणाली, आमच्याकडे असं कधी झालंच नव्हतं. तिकडे फोन स्पीकरवर होता आणि तू शेजारी उभी राहून ते ऐकत होतीस. आता मीही तुला वगळून दुसऱ्याच कुणाला सांगायचं, हे मला जमणार नाही. पाकिटावरच मोठ्या अक्षरांत ‘ईसीजी’ लिहावं असं वाटलं होतं. पण पाकीट आधी सासूबाईंच्या हातात पडेल.

मला हे कसं कळलं ते सांगते. मी एमए झाले आणि आता धारवाडला पद्मनाभ सरांच्या संशोधन प्रकल्पात काम करते. विषय ऐकून अप्पा हसले होते. विषय आहे ‘आमच्यात चालत नाही.’ घराघरात जाऊन विचारायचं, तुमच्यात काय चालत नाही? कुणाकडे पापड लाटत नाहीत, कुणाकडे काळं नेसत नाहीत. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. ‘लाभत नाही’ एवढंच उत्तर. प्रत्येक गोष्टीची कॉम्प्युटरवर वेगळी नोंद करायची आणि एका नोंदीतून दुसरीकडे दुवा जोडायचा. नोंद उघडली की बाजूला दिसतं, हिच्याशी आणखी कुठल्या नोंदी जोडलेल्या आहेत. सरांचा एक नियम आहे. दुवा जोडला की शेजारी ‘कारण’ म्हणून एक ओळ लिहायची. कारण सुचत नसेल तर दुवा काढून टाकायचा.

नमुना म्हणून पहिली नोंद मी आपल्याच घराची केली होती. देवघरात घंटा नाही. आरती हळू आवाजात. अप्पांची धाकटी बहीण कावेरी नवरात्रात आरती चालू असताना गेली, तेव्हापासून देवीला घंटा चालत नाही. आपल्या दोघींना माहीत आहे तेवढंच.

दुसरी नोंद इंदुमती नावाच्या आजींची. त्या आता आमच्या मागच्याच गल्लीत राहतात.

“आमच्यात झोपलेल्या बाईला हाक मारून उठवत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पायाच्या अंगठ्याला हात लावायचा.”

“का हो आजी?”

“का म्हणजे? चालत नाही.”

“पण कधीपासून?”

“माझी थोरली जाऊ होती, भागीरथी. बाळंतीण. सासूबाईंनी पहाटे दारातूनच मोठ्यानं हाक मारली. ती दचकून उठून बसली आणि आडवी झाली ती झालीच. मी तिला पाहिलेलंही नाही, मी नंतर आले ह्या घरात. पण आमचे हे होते तोवर मला अंगठा धरूनच उठवायचे. बघणाऱ्याला वाटायचं, नवरा पाया पडतोय.”

तिसरी नोंद रेश्माची. देशपांडे नगरात तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती त्या भागीरथीच्या मुलीची मुलगी. इंदुमती आजींनीच तिचा पत्ता दिला. रेश्माच्या घरात फोनची रिंग कधी वाजत नाही, सगळे फोन मुके. ती म्हणाली, “आईला फोन लाभला नाही.” घरात पहिल्यांदा फोन घेतला, तो उशाशीच ठेवला होता. त्याच आठवड्यात एका सकाळी तो वाजला आणि तिची आई गेली. रेश्मा तेव्हा शाळेत होती.

सारख्या वाटणाऱ्या नोंदी कॉम्प्युटर आपणहून सुचवतो. पण या तीन त्यानं कधीच एकत्र आणल्या नाहीत. घंटा, अंगठा, फोन. एक शब्द सारखा नाही. मी त्या हातानं जोडल्या आणि कारणाच्या ओळीत लिहिलं, ‘दोन्हीकडे आवाज नको.’ लिहिलं आणि मला तू आठवलीस. कुकरची शिट्टी झाली आणि तू ओट्याशी पडलीस. दूधवाल्यानं कडी आपटली तेव्हा दारात पडलीस. प्रत्येक वेळी आधी आवाज होता, अक्का. आपण सगळे त्यानंतरचं बघत राहिलो. कांदा हुंगवत राहिलो.

हृदयाचं असं एक दुखणं असतं. ईसीजीत दिसतं, गोळीनं आवरतं. बाळंतपणानंतरचे महिने त्यात सगळ्यात नाजूक, असं मी वाचलंय. मी डॉक्टर नाही. चुकले असेन तर मला हसून सोडून दे. पण आधी काढ.

तुझी
रूपाली


नवनगर
१० डिसेंबर २०२५

अक्का,

पत्र तिरुपूरला पोचलं, असं टपालखात्याच्या साइटवर दिसतं. कुणाच्या हातात पोचलं ते दिसत नाही. मी दिवसातून कितीदा ते पान उघडते ते सांगत नाही.

सरांना मी तीन नोंदी दाखवल्या. तुझं नाव घेतलं नाही. ते बराच वेळ पडद्यावरच्या रेघा बघत बसले.

“रूपाली, तू जोडलंस म्हणून ते जोडलेलं असतं असं नाही. मिठाचं आठवतंय ना?”

सुरुवातीला ‘मीठ’ शब्द दिसला की मी दुवा जोडत सुटले होते. पडद्यावर कोळ्याचं जाळं झालं होतं आणि सगळा विभाग हसला होता.

“आता उलट कर,” ते म्हणाले. “हे कुठे तुटतंय ते बघ. तुटलं तर बरंच की.”

मला ते तुटायलाच हवं होतं, अक्का. इतकं मन लावून मी काहीच कधी तोडायला निघाले नव्हते. बाळाचार्यांच्या घरीही देवघरात घंटा नाही, अशी एक नोंद होती. धास्तावून त्यांच्याकडे गेले.

“घंटा होय? आमच्या आजोबांच्या काळात चोरीला गेली. सापडेपर्यंत दुसरी आणायची नाही, असं ते बोलून बसले,” बाळाचार्य म्हणाले. “तो कळ्ळा चोर काही अजून सापडलेला नाही. तुम्हाला कुठे भेटला तर सांगा.”

मी तिथंच हसत सुटले, त्यांना वाटलं पोरीचं डोकं फिरलंय. तो दुवा काढला. वाटलं, बाकीचेही असेच सुटतील. कारण भागीरथीचं घर आणि आपलं घर यांचं काही नातं नाही. नातं नसेल तर रक्त एक नाही, आणि मग मी लिहिलेलं सगळं खोटं. त्या ‘नाही’वर मी चार दिवस जीव टांगून होते.

पुन्हा इंदुमती आजींकडे गेले. भागीरथीबाईंचं माहेरचं नाव काय, म्हणून विचारलं.

“माहेरचं नाव कोण विचारतंय गं? लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलं ते नाव. माझंही इंदुमती नव्हतं.”

“मग काय होतं?”

“त्या नावानं हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही. कशाला सांगू?” त्या म्हणाल्या. मग आपणच बोलल्या, “तिच्या माहेरचं एक मात्र मला माहीत आहे. रुखवतात त्यांनी शेंगांनी भरलेलं कोरं पोतं पाठवलं होतं. तांबड्या सुतळीनं शिवलेलं. लोक लाडू-करंज्या मांडतात, ह्यांनी पोतं मांडलं, म्हणून सासूबाई मरेपर्यंत हसायच्या.”

तुझ्या रुखवतातलं पोतं आठव. अप्पांनी स्वतः बसून शिवलेलं. आपण बारदानवाले, पोतं म्हणजे आपली लक्ष्मी. पण मुलीबरोबर कोरं पोतं, तेही तांबड्या सुतळीनं शिवून देणारं दुसरं घर मला इतक्या घरांत कुठे भेटलेलं नाही. अप्पांना एक आत्या होती, मथुरा. बाळंतपणात गेली आणि त्या घराशी येणंजाणं तुटलं, असं आजी सांगायची. मी दोघींच्या दोन नोंदी करून ठेवल्या होत्या, मथुरा आणि भागीरथी. बाई एकच.

आता मला जे दिसतंय ते सांगते. ‘चालत नाही’ हे घराबरोबर राहतं. मुलगी गेली की तिला सासरचं पाळायचं असतं. भागीरथी गेली तशी त्या घरानं अंगठ्याची चाल धरली, पण ती धरली सुनांसाठी. इंदुमती आजींना मोठ्यानं हाक मारली असती तरी त्यांना काही झालं नसतं. आणि तिची स्वतःची मुलगी लग्न होऊन गेली, तिथं उशाशी फोन ठेवला. आपण देवघरातली घंटा काढली आणि तुला अशा घरी दिलं, जिथं मूल झालं की खोलीच्या दारात काशाची थाळी बडवतात. मनाई घरात राहिली आणि दुखणं मुलींबरोबर गेलं.

मागच्या पत्रात एक सांगितलं नव्हतं. आईअप्पांना न विचारता मी ते टाकलं होतं. आता आईला कळलंय.

“तू एमए झालीस. डॉक्टर कधी झालीस?”

“मी फक्त ईसीजी काढ म्हटलंय.”

“काढला आणि काही निघालं तर? मग म्हणतील, रोगी मुलगी आमच्या गळ्यात मारली. मिरगी तरी बरी, चार लोकांत ऐकलेली असते.” मेथी निवडता निवडता तिनं पाल्याच्या ढिगात काड्या टाकल्या, काड्यांत पाला. “पोचलं का गं तिला पत्र?”

त्यानंतर तिनं हेच तीनदा विचारलंय.

रूपाली


नवनगर
१८ डिसेंबर २०२५

अक्का,

हे पत्र छोटं करायचं ठरवलंय.

रेश्माला सगळं सांगितलं. सांगायचा मला हक्क आहे का, या विचारात दोन दिवस घालवले. ती ऐकून म्हणाली, “एवढंच ना? चल, आत्ताच जाऊ,” आणि दुकानाला कुलूप लावलं. देशपांडे नगरातच डॉक्टर जयलक्ष्मी आहेत, हृदयाच्या. आम्ही दोघींनी ईसीजी काढला.

रेश्माचा लांबलेला आहे. म्हणजे, ठोका पडल्यावर पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला हृदयाला जेवढा वेळ लागायला हवा, त्याहून जास्त लागतो. त्या वेळेत दचकलं तर घोटाळा. तिला गोळ्या सुरू झाल्या. ती मला म्हणाली, “म्हणजे आमच्या घरात एवढी वर्षं फोन मुके ठेवले ते उगाच नव्हतं.” आणि मग बिल देताना रडली.

माझा नीट आहे. ते ऐकून मला आधी बरं वाटलं. नंतर त्या बरं वाटण्याची लाज वाटली. तुला हे लिहायचं नव्हतं, पण लपवायचंही नाही.

मी कागदावर घरं आणि नावं काढून नेली होती. मथुरा म्हणजेच भागीरथी, तिची मुलगी, रेश्मा. इकडे मथुराचा भाऊ म्हणजे आपले आजोबा, कावेरी, अप्पा, तू. डॉक्टरांनी तुझ्या नावावर बोट ठेवलं.

“ही कुठे आहे?”

“तिरुपूर. आठवा चालू आहे. मी पत्र लिहिलंय.”

“पत्र?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “फोन नाही का?”

मी फोन बंद असल्याचं सांगायला लागले, लग्नाचं सांगायला लागले. त्यांनी मध्येच हात वर केला.

“तुमची भांडणं मला कळत नाहीत, पोरी. बाळंतपणाची तारीख तेवढी कळते.”

कुठली औषधं अशा माणसाला द्यायची नाहीत, त्यांचा कागद त्यांनी लिहून दिलाय. काही अँटिबायोटिक आहेत, काही ओकारीवरची इंजेक्शनं आहेत. झेरॉक्स सोबत आहे. तो तुझ्या पर्समध्ये ठेव. बाळंतपणाच्या वेळी तिथल्या डॉक्टरांच्या हातात दे. ईसीजी काढलास किंवा नाही, तरी दे.

अप्पांना अमरगोळच्या मार्केट यार्डात दुकानावर गाठलं, कारण घरी मी तोंड उघडलं की ते चपला शोधतात. मथुराआत्या कुणाकडे दिली होती, विचारलं. त्यांनी आडनाव सांगितलं. इंदुमती आजींचंच.

“आता तुम्ही ईसीजी काढायचा अप्पा.”

“गप, सुम्म बस. देवीचं आहे ते. देवीला घंटा नको होती.”

“दुखणं आहे ते.”

“दुखणं म्हणू नकोस.”

ओरडले नाहीत. दुसऱ्या कुणाशी तरी बोलावं तसं बोलले आणि पोती मोजायला लागले. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजली, पुन्हा चुकले. गिऱ्हाईक समोर उभं होतं. मला वाटतं, त्यांना लोकांची भीती आहे. आईसारखीच.

अक्का, एक शब्द कळव. ‘काढला’ एवढाच. पोस्टकार्डावर लिही, कुणाला अर्थ लागणार नाही.

रूपाली


नवनगर
२९ डिसेंबर २०२५

अक्का,

अप्पांबद्दल मी लिहिलं ते चूक होतं.

काल रविवारी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. मी काम करत असताना ते कधी या खोलीत येत नाहीत. माझ्या पदवीचा कागद ज्या भिंतीवर लावलाय तिकडे बघत म्हणाले, “तुझ्या त्या कॉम्प्युटरात कावेरीचं काय लिहिलंयस?”

मी वाचून दाखवलं. ‘कावेरी, वय अकरा. नवरात्रात आरती चालू असताना कोसळली.’

“घंटा कोण वाजवत होतं, ते नाही लिहिलं.”

“माहीत नाही अप्पा.”

“मी.”

मी की-बोर्डवरचे हात काढले.

“तेरा वर्षांचा होतो. उपासानं दमून ती पाटावर बसल्या बसल्या पेंगत होती. मी गमतीनं घंटा तिच्या कानाशी नेली आणि बडवली. दचकेल, मग मारायला धावेल, असं वाटलं. आई म्हणाली, देवीनं नेली. देवीला आपल्याकडची घंटा आवडत नाही. मला सुटल्यासारखं झालं गं. तेव्हापासून मी देवीच्या आड उभा आहे. आता तू म्हणतेस, आवाजानं गेली. मग ते देवीचं राहत नाही. माझं होतं.”

अक्का, मी गेले महिनाभर खरं काय, खरं काय, करत हिंडते आहे. खरं म्हणजे दिव्यासारखं काहीतरी, लावलं की सगळ्यांनाच उजेड, असं मला कॉलेजपासून वाटत आलंय. ते एखाद्याच्या अंगावर असं पडेल, हे मनात आलं नव्हतं. तुला वाचवायला मी जी ओळ लिहिली, त्याच ओळीनं ते गुन्हेगार ठरत होते, आणि हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. दुकानात पोती मोजताना चुकत होते ते याच्यामुळे.

शेवटी तेच म्हणाले, “स्वातीला हेही लिही. माझ्यावर रागवायला तिला आणखी एक कारण मिळेल. मिळू दे. पण तिला पोचव.”

आज सकाळी ते माझ्याबरोबर डॉक्टर जयलक्ष्मींकडे आले. त्यांचाही लांबलेला आहे. म्हणजे त्यांच्याकडून तुझ्याकडे यायची शक्यता निम्मी, आणि तू ज्या तऱ्हेनं पडतेस ते बघता निम्म्याहून जास्तच. डॉक्टरांना त्यांनी घंटेचं सांगितलं. मी सांगायला लावलं नव्हतं. डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाल्या, “अप्पा, त्या पोरीचं हृदयच तसं होतं. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी, ढग गडगडला असता, कुत्रं भुंकलं असतं. कुणीही नेलं असतं.”

“कुणीही नेलं असतं,” अप्पा म्हणाले. “पण मी होतो.”

डॉक्टरांनी गोळीची चिठ्ठी लिहिली.

आता माझं. ही तीन पत्रं झाली, हे चौथं. तुझ्याकडून काही नाही. तू ती फाडून टाकतेस, का सासूबाईंच्या कपाटात पडून आहेत, का तू वाचतेस, मला काही कळायला मार्ग नाही. तुला विचारल्याशिवाय, तुझ्या माघारी काही करायचं नाही, असं मी मोठ्या तोंडानं लिहिलं होतं. पण तारीख जवळ येतेय. माझं तत्त्व तुझ्या जिवापेक्षा मोठं नाही, हे कळायला मला महिना लागला, याचीही भीती वाटते. शनिवारी मी सागरभावोजींना फोन करणार आहे. तू नको म्हणालीस तरी करीन. हे बरोबर नाही, मला माहीत आहे. निदान आधी तुला कळवते आहे.

रूपाली


नवनगर
७ जानेवारी २०२६

अक्का,

रोज फोन करायचा नाही, लिहायचंच असलं तर लिही, असं तू शनिवारी म्हणालीस. म्हणून लिहिते. आणि फोनवर मी जे काही बोलले त्यातलं अर्धं माझं मलाच आठवत नाही.

भावोजींनी ‘हॅलो’ म्हटल्यावर मी सगळं एका दमात सांगायला लागले. घंटा, अंगठा, इंदुमती आजी, ठोक्याचा वेळ. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “माहीत आहे. थांबा, देतो.” मग तुझा आवाज आला. इतक्या दिवसांनी. पहिलं वाक्य काय असेल याचा मी किती विचार केला होता, आणि तू म्हणालीस, “ओरडू नकोस, ऐकू येतंय.”

पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात तू ईसीजी काढलास. लांबलेला निघाला. तेव्हापासून गोळी चालू आहे, फिटेचं औषध तिथल्या डॉक्टरांनी बंद केलंय, बाळंतपण हृदयाचे डॉक्टर असतील अशा मोठ्या हॉस्पिटलात होणार आहे. हे सगळं तू सांगत होतीस आणि मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. मग माझ्या तोंडून निघालं, “मग एक शब्द कळवला का नाहीस? आम्ही इथं मरत होतो.”

“मला कळू नये म्हणून तुम्ही सगळे किती वर्षं गप्प बसलात?” तू म्हणालीस. “मी एक महिना बसले.”

मी त्यावर काही उत्तर द्यायचा प्रयत्न केला. ते मागे घेते.

तू मागितलेले कागद सोबत आहेत. अप्पांचा रिपोर्ट, रेश्माचा रिपोर्ट (तिची परवानगी घेतली आहे, तिनं तुला तिचा नंबरही दिलाय, गोळीनं थकवा येतो का ते तिला विचार), आणि घरांची, नावांची आकृती. जिथं लग्नात नाव बदललं तिथं दोन्ही नावं लिहिली आहेत. तुझ्या बाळाचा ईसीजी जन्मल्यावर लगेच काढायचा, हे डॉक्टर जयलक्ष्मींनी पुन्हा सांगायला सांगितलंय. बाळंतपणानंतर स्वतःला जप, म्हणाल्या. तेव्हाच जास्त.

थाळीचं भावोजींनी सांगितलं. तू सासूबाईंना थाळी नको म्हणालीस तेव्हा त्यांनी ती घरातली थाळीच शेजारी नेऊन दिली, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. त्यांच्याबद्दल मी पहिल्या पत्रात लिहिलं ते बरं नव्हतं.

“तुझ्या त्या जाळ्यात माझं नाव नको,” असंही तू म्हणालीस. सरांना सांगितलं. ते म्हणाले, नाव बदलून ठेवता येईल. मी म्हटलं, नाव बदलूनच आमच्या घरात हे सगळं झालं. काल तुझी नोंद काढली. काढताना कॉम्प्युटर विचारतो, या नोंदीशी जोडलेले दुवे तुटतील, चालेल का? ‘हो’ दाबलं. माझा निबंध आता रेश्मापर्यंत येऊन थांबेल. कुणी विचारलं, पुढे काय, तर माहीत नाही म्हणेन. हे खोटं मी ठरवून बोलणार आहे, तुला विचारून.

आई सोमवारच्या गाडीनं निघतेय. तू तिला एकटीलाच बोलावलंस, ते तिला नीट कळलंय. डिंकाचे लाडू केलेत, ते घेऊन येते आहे. तिच्यावर चिडलीस तरी लाडवांवर चिडू नकोस. स्पीकरवर ती जे बोलली होती त्याबद्दल काय म्हणायचं, हे ती मला दोन दिवस विचारत होती. मी म्हटलं, मी लिहून देणार नाही, तुझं तूच बोल.

मी आणि अप्पा येणार नाही. ‘अजून नको’ म्हणालीस, तर अजून नको. फोन ठेवायच्या आधी तू अप्पांना बोलवलंस. ते शेजारच्या खोलीत उभेच होते. तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं नाही, मी फक्त त्यांची बाजू ऐकली. “हं.” “रोज.” “जेवणानंतर.” “हो, सकाळी.” मग बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “वाचलंस ना सगळं?” मग फोन माझ्या हातात देऊन ते दुकानात निघून गेले, तातडीचं काम असल्यागत.

तू त्यांना काय म्हणालीस ते मी विचारलेलं नाही. ते तुमचं.

माझ्या मनात एक भाबडी समजूत होती, की तुला हे कळलं, तू वाचलीस, की सगळं आपोआप भरून येईल आणि तू आधीसारखी मला ‘ए शहाणे’ म्हणून हाक मारशील. तसं काही झालेलं नाही, आणि ते होण्यासाठी मी हे केलं असेन तर तेही काही बरं नव्हतं. तू राग ठेव. पाहिजे तेवढी वर्षं ठेव, म्हातारी होईपर्यंत ठेव. गोळी चुकवू नकोस. रागावलेली अस, पण अस.

तुझी धाकटी
रूपाली